गाऱ्हाणे आणि कबुली : मराठी साहित्यातील मदतीच्या मागणीची रूपे

मराठी साहित्यातील व्यसनी आणि मनोरुग्ण व्यक्तिरेखांचा विचार समीक्षेने बहुधा दोन अंगांनी केला आहे. एक अंग सामाजिक प्रश्नाचे. मद्यपाननिषेध हा ज्या नाटकांचा विषय आहे ती 'समस्याप्रधान' ठरवून त्यांतील उपदेशाचे वजन तोलले जाते. दुसरे अंग शोकात्मिकेचे. नायकाच्या ऱ्हासाला त्याचा स्वभावदोष कारणीभूत की परिस्थिती, याचा ऊहापोह तेथे होतो. या दोन्ही चर्चांत एक साधी गोष्ट दुर्लक्षित राहिली आहे. बुडणारा माणूस कोणाला हाक मारतो का, मारत असेल तर कोणत्या शब्दांत, आणि ती हाक ऐकणारा कोण, हा प्रश्न केवळ आशयाचा नाही, रूपाचाही आहे. मदतीची मागणी ही एक उक्ती आहे. तिला वक्ता, श्रोता आणि संकेत लागतात. हे संकेत ज्या भाषेत घडलेले नसतात त्या भाषेत मदत मागणे अवघड जाते, आणि त्याची किंमत साहित्याबाहेर, माणसांच्या घरांत मोजावी लागते.

मराठीत मागण्याची परंपरा दरिद्री आहे असे मुळीच नाही. संतांचे करुणापर अभंग, रामदासांची करुणाष्टके यांतून आर्त हाकेचे एक समृद्ध वाङ्मय सिद्ध झाले. परंतु तेथे श्रोता ईश्वर आहे. त्याच्यापुढे हीनपणा सांगण्यात मानहानी नाही, उलट ती भक्तीची खूण ठरते. 'वेड' आणि 'पिसे' हे शब्ददेखील त्या परंपरेत गौरवाचे झाले. परक्या, शिकलेल्या, शुल्क घेणाऱ्या माणसासमोर बसून "माझ्या हाताबाहेर गेले आहे" असे म्हणण्याला मात्र मराठीत घडीव रूप नव्हते. 'व्यसन' या शब्दाकडे पाहिले तरी हे ध्यानात येते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात 'व्यसन' म्हणजे राज्याच्या अंगांवर कोसळणारी आपत्ती, आणि त्याच ओघात मृगया, द्यूत, स्त्री आणि मद्य हे दोषही येतात. आपत्ती आणि दोष असे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदत होते. व्यवहारातील मराठीने त्यांतला दोष ठेवला आणि आपत्ती टाकून दिली. दोष असलेल्या माणसाने पश्चात्ताप करायचा असतो. मदत मागायची असते ती आपत्तीत सापडलेल्याने.

या दृष्टीने राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' पुन्हा वाचण्याजोगे आहे. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये निवर्तले आणि त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'मूकनायका'तही मद्यपानाचा विषय होता, परंतु त्या विषयाला भीषण घाट दिला तो त्यांच्या या शिष्याने. सुधाकर मानी आहे, हे समीक्षेने वारंवार सांगितले. मानीपणामुळे तो कोर्टात अपमानित होतो, मानीपणामुळे सासरचे साहाय्य नाकारतो. परंतु या मानीपणाचे नेमके व्यावहारिक रूप काय, हे फारसे पाहिले गेले नाही. सुधाकराला मागता येत नाही. त्याच्या तोंडी गडकऱ्यांनी अफाट भाषा घातली आहे. रामलालपुढे तो व्यसनाच्या तीन अवस्था ज्या क्रमाने उलगडून दाखवतो, तो क्रम निरीक्षणाच्या दृष्टीने आजही चकित करतो. मद्यपी स्वतःच्या आजाराचा भाष्यकार होतो. पण या भाष्यात विनंती नाही. जे सुटणे अशक्य आहे असे तो सिद्ध करीत असतो, त्यातून सोडवण्याची याचना तो करणार तरी कशी? त्याचे वक्तृत्व हीच त्याची तटबंदी आहे.

नाटकात मदत देऊ पाहणाऱ्यांची वाण नाही. रामलाल आहे, पद्माकर आहे, सिंधूचे माहेर आहे. वाण आहे ती ऐकण्याची रीत जाणणाऱ्याची. रामलाल समजावतो, विनवतो, धिक्कारतो. तो मित्राचा धर्म पाळतो, पण मित्राकडून होते ते सारे नीतीच्या भाषेत होते. धंदेवाईक उपचार करणारे नाटकात येतात ते तळीरामाच्या आजारपणाच्या प्रवेशात, आणि डॉक्टर व वैद्य यांच्या त्या जुगलबंदीचे काम प्रेक्षकांना हसवण्याचे आहे. गडकऱ्यांच्या काळी व्यसनाला उपचार म्हणावा असे वैद्यकापाशी फारसे काही नव्हते, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. तरीही वैद्यकाची जागा विनोदी उपप्रवेशात पडावी आणि गंभीर प्रवेश सारा उपदेशाने भरावा, ही वाटणी मराठी मनोधारणेविषयी पुष्कळ सांगून जाते.

नाटकाचे शीर्षकच एका चिकित्सक सत्याचे सूत्र आहे. दहावा प्याला माणसाला बुडवीत नाही, पहिला बुडवतो. १९३५ मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावी 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही मद्यपींची परस्परसाहाय्याची चळवळ सुरू झाली, तिचा अनुभवसिद्ध सिद्धांतही हाच होता. गडकऱ्यांनी तो सोळा वर्षे आधी रंगभूमीवर मांडला. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. त्या चळवळीने एका प्याल्यासमोर एक दिवस ठेवला. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच. गडकऱ्यांच्या सुधाकराजवळ या प्याल्याला उत्तर म्हणून आहे ती भीष्मप्रतिज्ञा. तो दारू सोडतो, काम शोधायला बाहेर पडतो, जुन्या परिचितांकडून अवमान झेलून परततो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. प्रतिज्ञेच्या व्याकरणात भंग म्हणजे सर्वनाश, कारण ती एकदाच करता येते. शोकात्मिकेला हे काळाचे एकमार्गी रूप सोयीचे असते. आजाराला असते दुसरेच रूप. तो उलटतो, ओसरतो, परततो. सुधाकराचे दुसऱ्यांदा पिणे ही नाटकातील निर्णायक घटना आहे आणि वैद्यकाच्या दृष्टीने ती अगदी नेहमीची घटना आहे. नाटकाचा घाट आणि व्याधीचा घाट येथे एकमेकांच्या विरुद्ध उभे ठाकतात, आणि मराठी प्रेक्षकाने तीन पिढ्या नाटकाच्या घाटावर विश्वास ठेवला.

उपकथानकातील भगीरथ मात्र सुटतो. प्रेमभंगाने पिऊ लागलेल्या या तरुणाला रामलाल लोकसेवेकडे वळवतो. भगीरथ समीक्षकांच्या मनात ठसला नाही आणि प्रेक्षकांच्याही नाही, यात आश्चर्य नाही. बरा झालेला माणूस नाट्यपूर्ण नसतो. येथे सिंधूचा उल्लेख अपरिहार्य आहे. ती दळण दळते, माहेरी जाण्याचे नाकारते आणि मरताना फौजदारापुढे नवऱ्याला वाचवणारा जबाब देते. त्या जबाबाला पातिव्रत्याची परिसीमा म्हटले गेले. उक्ती म्हणून तिचा विचार केला तर वेगळेच दिसते. अधिकृत यंत्रणा प्रथमच दारात येऊन विचारते आहे, आणि ज्या व्यक्तीला सर्वाधिक सांगण्यासारखे आहे ती काही घडलेच नाही असे सांगते. सिंधू गाऱ्हाणे करीत नाही.

'गाऱ्हाणे' हा शब्द येथे सहज आलेला नाही. देशावरच्या मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार, आणि ते 'सांगितले' किंवा 'केले' जाते. दक्षिण कोकणात गाऱ्हाणे 'घातले' जाते आणि त्याचा अर्थ ग्रामदेवतेपुढे केलेली प्रकट प्रार्थना असा होतो. सिंधुदुर्गात सह्याद्रीच्या पायथ्याच्या वैभववाडीपासून वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत गावऱ्हाटीच्या व्यवस्थेत या उक्तीला नेमके रूप आहे. पीडित स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने घाडी किंवा मानकरी बोलतो, त्याच्या घराण्याचा उच्चार करतो, काय बिघडले ते सांगतो, आणि जमलेली मंडळी प्रत्येक टप्प्यावर "होय महाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. मग कौल लावला जातो. ज्या मुलाला झोप येत नाही, जो स्वतःशी बोलतो, जो मुंबईहून परतल्यापासून पितो आणि भांडतो, त्याच्यासाठीही असेच गाऱ्हाणे पडत आले आहे. या व्यवस्थेत निदान चुकीचे असते. कुलदेवतेची राखण चुकली, बाधा झाली, कोणी करणी केली, असे उत्तर मिळते आणि उपचाराचा काळ हातचा जातो. कित्येकदा तो कायमचा जातो. नरेंद्र दाभोलकरांनी 'भ्रम आणि निरास'मध्ये अंगात येणे, भानामती यांसारख्या प्रकारांमागील मानसिक कारणांचे जे विवेचन केले, त्याची निकड अशा ठिकाणी कळते. परंतु निदान चुकीचे असले तरी उक्तीचे रूप तपासण्याजोगे राहते. गाऱ्हाण्यात लाज वाटून घेतली जाते, म्हणजे वाटली जाते. ती एकट्याच्या अंगावर पडत नाही. माणसाचा दोष काढण्यापूर्वी तेथे त्याच्यावरील आपत्ती सांगितली जाते. 'व्यसन' या शब्दाने जे अर्थांग गमावले ते या बोलीरूपात शिल्लक होते.

याच जिल्ह्याच्या मातीतून आलेल्या दोन थोर लेखकांनी मनाच्या अंधाराचा वेध घेतला. चिं. त्र्यं. खानोलकर आणि जयवंत दळवी हे दोघेही किनारपट्टीचे. घाटाच्या पायथ्याचा वैभववाडीचा टापू, करूळच्या वळणांनी कोल्हापूरकडे चढणारा आणि गिरणीच्या पगारावर मुंबईकडे पाहणारा, त्यांच्या साहित्यात जवळजवळ नाही. ही उणीव दाखवण्याचे येथे कारण नाही, लेखक आपला गाव घेऊनच लिहितो. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त (१९६६) अपमानित परशुरामतात्याला समुद्राकडून वर मिळतो आणि त्यापुढे त्याला जे दिसते ते दैवी की भ्रमिष्ट, हा निर्णय कादंबरी वाचकावर सोपवीत नाही आणि स्वतःही घेत नाही. कादंबरीचे सामर्थ्य या अनिर्णयात आहे. पण परशुरामतात्याची हाक कोणा माणसाकडे जातच नाही. अपमानाच्या क्षणी सुधाकराला प्याला भेटतो, तात्याला वर भेटतो. दोघांनाही श्रोता भेटत नाही. खानोलकरांच्या जगात मागणे म्हणजे वर मागणे, आणि वराला शाप चिकटलेला असतो.

दळवींचे जग अधिक लौकिक आहे, म्हणून तेथील बंदिस्तपणा जास्त जाचतो. 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून त्यांनी लिहिलेले 'बॅरिस्टर' १९७७ मध्ये रंगभूमीवर आले. विलायतेत शिकलेला, सुधारक मताचा, दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणारा हा माणूस घराण्यातील वेडाच्या भयाने पछाडलेला आहे, आणि अखेर ते वेड त्याला गाठतेच. वेड येथे रोग नाही, वतन आहे. पिढीजात वाड्यासारखे ते चालत येते. बॅरिस्टरजवळ विद्या आहे, पैसा आहे, जगाची ओळख आहे, आणि तरीही आपले भय कोणा जाणत्यापुढे मांडावे ही शक्यता नाटकाच्या परिघात उगवत नाही. नाटकाच्या कथाकाळी मनोविकारतज्ज्ञ सुलभ नव्हते, हे उत्तर अपुरे आहे. शोकात्म परिणामासाठी भयाने अबोल राहणे आवश्यक होते. दळवींच्या विनोदी लेखनात गावचा वेडा सर्वांच्या ओळखीचा असतो, त्याला चहा मिळतो, चेष्टा मिळते, निवारा मिळतो. गंभीर लेखनात मात्र वेड वाड्याच्या आतल्या खोलीत कोंडलेले. कोकणी घराची ही दोन्ही रूपे खरी होती.

आतल्या खोलीच्या पलीकडे काय होते? तर एक गावाचे नाव. मराठीत मनोरुग्णालयाला बराच काळ संस्थेचे नाव नव्हते, स्थळाचे होते. 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला धाडा' ही वाक्ये शिवीसारखी वापरली गेली. दक्षिण कोकणासाठी ते स्थळ म्हणजे रत्नागिरी, वैभववाडीहून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. या वाक्यांतील क्रियापद पाहावे. माणूस तेथे जात नसे, पाठवला जात असे. १९१२ च्या कायद्याची रचनाही तशीच पाठवण्याची होती आणि तो १९९३ पर्यंत चालला.

अनिल अवचट यांच्या 'गर्द'चे (१९८६) वाङ्मयीन महत्त्व या पार्श्वभूमीवर तपासले पाहिजे. त्यावेळी मुंबई-पुण्यात पसरू लागलेल्या ब्राउन शुगरचा तो वृत्तान्त. त्याला 'ललित' म्हणायचे की 'वैचारिक', यावर मराठी समीक्षेने बराच वेळ खर्च केला. अवचटांची वाक्ये आखूड, विशेषणे मोजकी, कुतूहल अखंड. त्यांचा निवेदक प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. दिसायला ही किरकोळ गोष्ट, पण मराठी गद्यात व्यसनी माणसासमोर उपदेशाशिवाय बसलेला निवेदक त्यापूर्वी दुर्मीळ होता. हे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. केंद्राच्या सूत्रधार डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि केंद्राची सुरुवातही त्याच आवारात झाली. ज्या स्थळाचे नाव शिवी होते तेथेच माणसे आपल्या पायांनी येऊ लागली. पुस्तकातून संस्था निघाली, आणि पुढे संस्थेतून पुस्तक निघाले. ते 'मुक्तांगणची गोष्ट'.

या दुसऱ्या पुस्तकाचे निवेदन सुधाकराच्या नेमके उलट दिशेने जाते. तेथे पुन्हा पिणे हा शेवट नाही. माणूस उपचार घेतो, घरी जातो, घसरतो, लाजत परत येतो, आणि त्याला परत घेतले जाते. प्रतिज्ञेच्या जागी दिनक्रम येतो. वक्तृत्व ओसरते आणि गटात बसून आळीपाळीने बोलणे सुरू होते. समुपदेशकांतले अनेक जण स्वतः त्याच वाटेने आलेले असल्याने ऐकणारा आणि बोलणारा यांच्यातील उंची कमी होते. गाऱ्हाण्यातील मंडळी जसा हुंकार देतात तसा हुंकार येथे आहे, मात्र वक्ता प्रथमपुरुषी आहे. घाडी त्याच्या वतीने बोलत नाही, तो स्वतः बोलतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेतील कबुली मराठी माणसाच्या तोंडी इतक्या लवकर कशी रुळली, याचे एक कारण कदाचित हे असेल की दुजोरा देणाऱ्या मंडळीची सवय आपल्याकडे जुनी होती.

तथापि या कथनाची मर्यादाही सांगायला हवी. संस्थेच्या गोष्टीत निवेदक संस्थेच्या बाजूला उभा असतो. त्याची सहानुभूती निःसंशय आहे, पण खुर्ची टेबलाच्या अलीकडची आहे. जे परत आले नाहीत ते अशा कथनात अपरिहार्यपणे दूरवर पुसट दिसतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या 'शहाण्यांचा सायकिअॅट्रिस्ट'सारख्या पुस्तकांनी मानसोपचाराविषयीचा संकोच कमी करण्याचे मोठे काम केले, शीर्षकापासूनच केले, परंतु तेथेही बोलतो तो उपचारक. रुग्णाच्या बाजूने लिहिले जाते तेव्हा काय होते, याचे उदाहरण तुषार नातू यांच्या 'नशायात्रे'त मिळते. घसरणे आणि पुन्हा उपचाराकडे येणे यांची पुनरावृत्ती तेथे निवेदनाचा कणाच आहे. वाचक कंटाळतो, चिडतो, यावेळी तरी सुटेल म्हणून आशा धरतो. म्हणजे त्याला नातेवाइकाचा अनुभव येतो. घाटाच्या काटेकोर कसोटीवर हे पुस्तक सैल ठरवता येईल. त्याचा सैलपणा व्याधीच्या कालगतीशी इमान राखतो, हे मात्र कसोटी लावणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

चित्रपटाने या बाबतीत साहित्याच्या पुढे पाऊल टाकलेले दिसते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'त (२००४) स्किझोफ्रेनिया झालेला शेष कोकणातल्या देवराईच्या ध्यासात जगतो. दळवींनी आतल्या खोलीत ठेवलेला आणि खानोलकरांनी समुद्राकाठी सोडलेला माणूस येथे बहिणीच्या हाताने डॉक्टरपर्यंत पोहोचतो, आणि औषधाने देवराई नाहीशी होत नाही. 'कासव'मधील जानकी स्वतः नैराश्याशी झगडलेली आहे. कोकणच्या किनाऱ्यावर ती एका अनोळखी, मरू पाहणाऱ्या मुलाला आसरा देते आणि त्याला बोलते करण्याची घाई करीत नाही. मागणी तोंडून निघण्यापूर्वी किती काळ नुसती सोबत लागते, हे तेथे दाखवले आहे.

कायद्याची भाषाही बदलली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य आणि मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मनोविकाराच्या व्याख्येत घेतल्या. म्हणजे सुधाकर आणि बॅरिस्टर आता एकाच कलमाखाली येतात. त्याच कायद्याने व्यक्तीला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा अधिकार दिला. पुढे आपले मन आपल्या ताब्यात राहिले नाही तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे शुद्धीत असताना स्वतःच्या शब्दांत नमूद करायचे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने हा दस्तऐवज पाहावा. घाडीच्या जागी कोणाला उभे करायचे ते त्यात पीडित स्वतः ठरवतो. प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी, दोन्ही उक्ती त्यात एकत्र आल्या आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करूनही मनाचे दुखणे सांगता येते. वैभववाडीच्या माणसाला त्यासाठी घाट चढावा लागत नाही की रत्नागिरी गाठावी लागत नाही. मात्र फोन उचलला गेल्यावर पहिले वाक्य त्याला स्वतः जुळवावे लागते, आणि शाळा-महाविद्यालयांत वाचलेल्या मराठीपैकी कोणती मराठी त्या क्षणी त्याच्या उपयोगी पडेल, हा प्रश्न अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी स्वतःला विचारलेला नाही.

या साऱ्या वाटचालीत एक जागा अद्याप रिकामी आहे. व्यसनमुक्तीच्या मराठी लेखनात पत्नी येते ती सोसणारी, आणून सोडणारी किंवा वाट पाहणारी म्हणून. केंद्राच्या दारात अनेकदा पहिली हाक तिचीच असते. तिने नवऱ्यासाठी मदत मागितलेली असते, पण तिची स्वतःची झोप, तिचे भय, घरातल्या भांड्याच्या आवाजाने दचकणारी तिची मुले, यांच्यासाठी तिने काही मागितल्याचे क्वचितच नोंदले जाते. फौजदाराने विचारलेल्या प्रश्नाला सिंधूने १९१९ मध्ये जे उत्तर दिले, त्याहून वेगळे उत्तर देणारी स्त्री मराठी रंगभूमीवर पुढे आली. तिच्या तोंडी न्याय आला, बंड आले. थकल्याचे, आजारी असल्याचे आणि आपल्यालाही कोणाकडे तरी जायचे आहे असे सांगणारे वाक्य आले आहे का, याचा शोध अजून घ्यावयाचा आहे.